मिलिंग मशीन, खोली आणि भिंतीतलं भोक

मी, चांगुणा कारभारी दोंदे, राहणार करुणा कॉलनी, अंबड, नाशिक, वय एकाहत्तर (आधार कार्डावर एकोणसत्तर आहे, ते चुकीचं आहे, पण कार्डावरचंच धरा असं वकीलबाई म्हणाल्या), हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. एक कान कमी ऐकतो. हात अजून कापत नाही. कोणी मला धाक घातला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलं नाही. कागद मिलिंग मशीनच्या टेबलावर ठेवला आहे, कारण आमच्या घरात एवढी सपाट जागा दुसरी नाही. तेलाचा डाग पडू नये म्हणून माझी नात तेजल हिने खाली वर्तमानपत्र अंथरून दिलं आणि ती निफाडला माल पोचवायला गेली, ती उद्या सकाळच्या गाडीने येईल. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे नातीने शेजारी बसून लिहवून घेतलं असं कोणी म्हणायला नको.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेले. पुढचं लिहिणं कंपनीत शिकले. झाडणाऱ्या बायकांची हजेरी मी लिहायचे, कारण बाकीच्यांना तेवढंही येत नव्हतं. त्यामुळे नाव, तारीख आणि 'गैरहजर' एवढं माझं फार सुंदर येतं. बाकीचं सांभाळून घ्यावं.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, यात गोष्टी लिहायच्या नसतात. कोणाला काय द्यायचं तेवढं लिहा." मी हो म्हटलं. पण का दिलं ते लिहिलं नाही तर भांडण तिथंच राहतं, म्हणून लिहिणार आहे.

हे सगळं लिहायचं कारण एकच. माझा मुलगा महेश मला म्हणाला आहे, "आई, तू आहेस तोवर राहू दे ते मशीन. तुझ्या नंतरचं मला विचारू नको." ते नंतरचं मी आत्ताच लिहून ठेवते.

कलम पहिले. मशीन.

खोलीतलं हिरवं उभं मिलिंग मशीन, मोटर आणि व्हाईससकट, तसेच माझे मालक कालकथित कारभारी दोंदे यांची कटरची लाकडी पेटी व मायक्रोमीटर, हे सर्व माझी मुलगी लता हिची मुलगी तेजल हिला द्यावे. पूर्ण द्यावे. त्यात कोणाचा वाटा नाही.

ज्याला मिलिंग माहीत नाही त्याच्यासाठी लिहिते. लोखंडाचा तुकडा टेबलावरच्या व्हाईसमध्ये आवळायचा. वरून दातेरी कटर फिरतो. हँडल फिरवलं की टेबल डावी-उजवीकडे, मागे-पुढे सरकतं. कटर लोखंड खात जातो आणि पाहिजे ती खाच, पाहिजे तेवढा सपाटपणा येतो. उरतो तो कीस. आपल्या किसणीवरचा असतो तसाच, फक्त हात कापतो.

मालक तीस वर्षं अंबडच्या एका कंपनीत मिलिंगवर होते. मी त्याच कंपनीत ठेकेदाराकडून एकोणीस वर्षं झाडायला होते. ते मशीनच्या पुढे उभे आणि मी मागे वाकलेली. मशीनची पाठ माझ्याइतकी कोणी पाहिली नसेल. आणि कीस माझ्याइतका कोणी उचलला नसेल. निळा पडला की कटर तापलाय. भुकटी आली की बोथट झालाय. एक जाड, एक बारीक आला की मशीन आतून हलतंय. हे मला कोणी शिकवलं नाही. मी घरी येऊन मालकांना सांगायचे की तीन नंबरच्या मशीनची तब्येत बरी नाही, आणि दोन दिवसांनी ते बंद पडायचं. ते म्हणायचे, "चांगुणे, तू सुपरवायझर व्हायला पाहिजे होतीस."

एकदा जेवणाच्या सुट्टीत एका बंद मशीनचं हँडल धरून मी फिरवलं. अर्धा फेरा. निजलेल्या पोराचा पाळणा हलक्या हाताने सरकवावा तसं ते टेबल सरकलं. तेवढ्यात साहेब आले. म्हणाले, "बाई, झाडूला दोन हात लागतात. दोन्ही तिथंच ठेवा." आणि माझी त्या दिवसाची हजेरी कापली. रजिस्टर माझ्याच हातात होतं, त्यामुळे माझ्या नावापुढे 'गैरहजर' मीच लिहिलं. त्यानंतर मी कुठल्याच मशीनच्या हँडलला हात लावला नाही. हे मशीन घरी येऊन चौदा महिने झाले, त्याच्याही नाही.

तेजल दहावीनंतर माझ्याकडे राहायला आली, आयटीआयसाठी. मशिनिस्टच्या वर्गात तीनच मुली होत्या. पास झाली, कंपनीत लागली, दोन वर्षं काढली. मग एक दिवस म्हणाली, "आजी, तिथं मी नुसतं बटण दाबते. दार उघडते, माल काढते, दार लावते. मला आजोबांसारखं हाताने काम करायचंय, आणि आपल्याच घरी." मी विचार करायला वेळ मागितला आणि चहा उकळेपर्यंत केला.

महेशचा मुलगा सनी पुण्याला कॉम्प्युटरवर आहे. त्याने मोबाईलवर जुन्या मशीनची जाहिरात शोधून पाठवली. मशीन घोटीला होतं. घोटीचे गोटीराम मिस्त्री राइस मिलचे दांडे, पुल्या दुरुस्त करायचे. वय झालं, पुढे चालवायला कोणी नाही, म्हणून विकायला काढलं. आम्ही दोघी बसने गेलो. कटरची पेटी मांडीवर. मशीन पत्र्याच्या शेडमध्ये उभं होतं, अंगभर ग्रीस फासलेलं आणि त्यावर भाताचं तूस थापलेलं. तिकडे पाऊस असा की उघडं लोखंड आठ दिवसांत तांबडं होतं. त्यावर मिस्त्रींनी स्वतःच काढलेला हा इलाज. मला ते हळद लावून बसवलेल्या नवऱ्या मुलीसारखं वाटलं.

मिस्त्री तेजलकडे बघेनात. मला म्हणाले, "आजी, पोरीचा बाप नाय आला?"

"बाप निफाडला द्राक्षात आहे. मशीन पोरगी घेतेय."

"मशीन लय भारी हाय. पन ह्ये शिलाई मशीन नाय, आजी."

"म्हणूनच आलोय, काका," तेजल म्हणाली. "चालू करून दाखवा."

"लाईट नाय."

"मग येईपर्यंत बसतो," मी म्हटलं आणि पिशवीतली भाकरी सोडली. अर्धी मिस्त्रींना दिली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की या बाया अशा उठायच्या नाहीत.

दोन तासांनी लाईट आली. मिस्त्रींनी लोखंडाचा तुकडा आवळला आणि मशीन लावलं. असं किंचाळलं की शेडवरची कबुतरं उडाली. कीस म्हणून नुसती भुकटी पडली. तेजलचं तोंड उतरलं. माझ्या ऐकत्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, चल. आतून गेलंय हे."

मी खाली वाकले आणि भुकटी तळहातावर घेतली. भुकटी होती, पण सगळी एकसारखी. एक जाड, एक बारीक असं नव्हतं. मी म्हटलं, "मशीनला नाव ठेवू नको. कटर बोथट आहे. आजोबांच्या पेटीतला लाव."

तिने लावला. मग आवाज बसला, आणि कीस सुटला तो नखाएवढा, वळलेला, चांदीसारखा, एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असा. मी मूठभर पदरात बांधून घेतला.

मिस्त्री बघत होते. म्हणाले, "आजी, कंच्या कंपनीत मशीनवर होता तुम्ही?"

"मशीनवर नाही. मशीनच्या मागं. झाडायला."

मिस्त्रींनी व्हाईस फडक्याने पुसला. "ह्याचं येगळं काय धरत नाय. घेऊन जा." त्यानंतर तेजलला त्यांनी मॅडम म्हणायला सुरुवात केली.

किंमत इथे लिहीत नाही. महेशला मी सांगितलेली वेगळी आहे.

तो पदरातला कीस काचेच्या बरणीत मालकांच्या फोटोजवळ ठेवला आहे. बरणीही तेजलला. झाकण उघडू नये, हवा लागली की गंजतो.

आता ते आणलं कसं ते. वकीलबाई, एवढं वाचा, हे साक्षीपुराव्याच्या कामाचं आहे. मशीनचं वजन चौदाशे किलो, आणि सगळं वजन डोक्यात. तेजलने आधी टेबल खाली घेतलं, मग वरचं डोकं फिरवून खाली वाकवलं, म्हणजे ते बुटकं झालं. उचलायला घोटीत हायड्रा क्रेन मिळाली आणि टेम्पो मिळाला रवीचा. रवी दोर घेऊन आला आणि हँडलला बांधायला लागला.

"दादा, हँडलला नको. अंगाला बांधा," तेजल म्हणाली.

"मॅडम, वीस वर्षं माल बांधतोय."

"तेव्हा कांदा असेल. कांद्याला हँडल नसतं."

रवी हसला आणि अंगाला बांधलं. तोच रवी या कागदावर साक्षीदार आहे. वाडीवऱ्ह्यापासून विल्होळीपर्यंत आम्हाला सगळ्यांनी मागे टाकलं, चाऱ्याच्या ट्रॅक्टरनेसुद्धा. मी केबिनमध्ये मान मागे वळवून बसले होते. मान दुसऱ्या दिवशी सरळ झाली.

उतरवायला अंबडची क्रेन बोलावली, ती आमच्या गल्लीत शिरेना. तिने मशीन गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. तिथून घर दीडशे पावलं. खाली लोखंडी पाइपचे तुकडे घालायचे, मागून ढकलायचं, मागे सुटलेला पाइप उचलून पुढे आणून टाकायचा. ढकलायला कॉलनीतली माणसं, पाइप पुढे आणायला बाया. शेजारची रंगूबाई साठ वर्षांची, पण तिने एकही पाइप दुसरीला उचलू दिला नाही. माझी जाऊ मंगलाबाई ओसरीवरून म्हणाली, "एवढ्या पैशात पिठाची गिरणी झाली असती. बाईमाणसाला बसल्या जागी धंदा." मी म्हटलं, "पीठ तू दळ, लोखंड आम्ही दळतो. आधी तुमची पहार दे." तिने दिली.

महेश पतसंस्थेत कारकून आहे. त्याने सांगितलं होतं की या येडेपणात माझा हात लागणार नाही. तो कामावरून आला तेव्हा मशीन आमच्या दारापुढच्या गटारीवर होतं. गटारीवरची फरशी कडकन मोडली आणि मशीन त्याच्याकडेच कललं. सगळे मागे सरकले. महेश पांढऱ्या शर्टात पुढे गेला आणि खांदा लावला. "पहार घाला खाली, बघता काय," एवढंच म्हणाला. पहार वाकली, पण मशीन उभं राहिलं. माणसं परत पुढे येईपर्यंत त्याने खांदा काढला नाही.

आणि पुढे जे झालं ती चूक माझी. ती मी इथे कबूल करते, कारण पुढची सगळी कलमं तिच्यातून निघाली आहेत.

खोली लहान. तेजलने मोजमाप घेऊन जमिनीवर खडूने खूण केली होती, मशीन कोपऱ्यात तिरकं बसणार अशी. मशीन आत आलं तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी क्रेन मागे घ्यायला उभी होती. मी खूण पाहिली आणि म्हटलं, हे काय, एवढ्या लांबून आणलं आणि कोपऱ्यात रुसल्यासारखं बसवायचं? सरळ करा. तोंड दाराकडे करा. मी एकोणीस वर्षं मशीनची पाठ बघितली, आता मला दारात बसून तोंड बघायचं होतं. माणसांनी माझं ऐकलं. चारी पायांखाली सिमेंट मी माझ्या हाताने भरलं.

तेजल आली, बघितलं आणि खाली बसली. दुसऱ्या दिवशी तिने हँडल फिरवलं. टेबल डावीकडे गेलं, गेलं आणि भिंतीला अडलं. एक वीत कमी. सिमेंट पक्कं झालेलं, माणसं आपापल्या घरी गेलेली. एक वीत टेबल सरकलं नाही तर अर्धी कामं होत नाहीत. भिंतीपलीकडे महेशचं स्वयंपाकघर, आणि महेशने नुकत्याच टाइल्स बसवलेल्या.

भिंत फोडली. दीड हात लांब आणि हातभर उंच. टेबल पूर्ण डावीकडे गेलं की त्याचं टोक वीतभर स्वयंपाकघरात निघतं, बरोबर मिठाच्या बरणीजवळ. तेजलने त्याला पत्र्याची झडप करून दिली. तेव्हापासून महेश तिच्याशी बोलत नाही. जे काय असेल ते माझ्यामार्फत. "तिला सांग, झडप लावून घे." "तिला सांग, रविवारी आवाज नको." भाची समोर उभी असते आणि मामा मला सांगतो.

आणि ज्यासाठी हे केलं ते तर झालंच नाही. तोंड दाराकडे केल्यामुळे तेजल दाराकडे पाठ करून उभी राहते. दारात बसलं की मला तिची पाठच दिसते, आणि तिच्यामागे मशीन.

कलम दुसरे. खोली.

घर मी आणि मालकांनी दोघांच्या पगारातून बांधलं व ते माझ्या एकटीच्या नावावर आहे, म्हणून द्यायचा अधिकार मला आहे. घराला लागून असलेली मशीनची खोली तेजलला द्यावी. खोलीतून रस्त्यापर्यंत जाण्या-येण्याची वाट तिच्यासोबत. ती लग्न करो न करो, निफाडला राहो की नाशिकला, खोली तिचीच. लोक म्हणतील, मुलीच्या मुलीला घरातली खोली कशी. लोकांनी दीडशे पावलं ढकललं आहे, त्यांना तेवढं म्हणायचा हक्क आहे. पण खोली तेजलची.

या खोलीत आज निफाडच्या द्राक्षबागांच्या फवारणी ब्लोअरचे दांडे येतात. पहिला आला तो लताच्या गावचा. माणूस दारात उभा राहून म्हणाला, "मिस्त्री कुठायत?" तेजल म्हणाली, "मीच." तो दांडा ठेवून गेला नाही, खिडकीत बसून समोर करून घेतला. पुली अडकवायच्या चावीची खाच अशी बसली की चावी बोटाने दाबली आणि आत गेली. पुढच्या खेपेला तो सहा दांडे ठेवून चहा प्यायला निघून गेला. मला यापेक्षा मोठा सत्कार माहीत नाही.

कलम तिसरे. टेबलाचा हक्क.

मशीन या खोलीत आहे तोवर त्याच्या टेबलाला स्वयंपाकघरात एक वीत येण्याचा हक्क राहील. भोक बुजवू नये, लहान करू नये, त्याच्यापुढे फ्रिज, कपाट, पिंप ठेवू नये. वकीलबाई म्हणाल्या की वाटेचा हक्क ऐकलाय, पाण्याचा ऐकलाय, उजेडाचा ऐकलाय, हा पहिलाच. मी म्हटलं, मग नीट सांगा, मी लिहिते.

मिठाची बरणी आहे तिथंच राहिली तरी चालेल. सून रूपाली ती वेळेवर उचलते. तिला टेबलाच्या आवाजावरून कळतं.

कलम चौथे. बाकीचं घर.

मशीनची खोली सोडून राहिलेलं सगळं घर, स्वयंपाकघर व त्यातल्या टाइल्ससह, महेशला द्यावे.

शिवाय माझ्या ट्रंकेत एक पांढरा शर्ट आहे. डाव्या खांद्यावर ग्रीसचा डाग आहे. रूपालीने तीनदा धुतला, डाग निघाला नाही, मग फरशी पुसायला काढला. मी उचलून घडी करून ठेवला. तो महेशला द्यावा. माझ्याकडे सोनं फार नाही, पण त्या शर्टाची किंमत मला माहीत आहे.

कलम पाचवे.

कानातली फुलं आणि मण्यांची पोत लताला. ती मागणार नाही, म्हणून आधीच लिहिते. मालकांना कंपनीने निवृत्तीला दिलेलं घड्याळ सनीला, जाहिरात शोधल्याबद्दल. ते चालत नाही. पोस्टातल्या माझ्या खात्यात जे काही निघेल त्यातून माझं शेवटचं करावं आणि उरलं तर लता व महेश यांनी सारखं घ्यावं. पुण्यानुमोदनाला मंडप नको. भन्तेजींना बोलवावं, वंदना घ्यावी, सर्वांना जेवू घालावं. त्या दिवशी मशीन बंद ठेवलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी चालू करावं.

कलम सहावे.

महेशने किंवा त्याच्यातर्फे कोणी कलम तीनमधले भोक बुजवल्यास, त्याचा स्वयंपाकघरावरचा हक्क जाईल आणि स्वयंपाकघरही तेजलचे होईल.

हे लिहिताना मला बरं वाटलं नाही. वकीलबाईंनी सुचवलं आहे. त्या म्हणाल्या, दात नसलेला कागद कोणी ऐकत नाही. पोटच्या पोराला असं लिहावं लागतं, पण मी नसताना तेजलची बाजू घ्यायला या घरात कोण आहे?

कलम सातवे. झाडू.

झाडू, ब्रश आणि पत्र्याची सुपली तेजलला. यात अट आहे. धंदा वाढला, आणखी मशीन आली, माणसं ठेवली, तरी जो मशीन चालवेल त्यानेच आपला कीस उचलावा. मागून झाडायला वेगळी बाई ठेवू नये. ठेवायची झालीच तर तिला हातमोजे द्यावेत, आणि तिने हँडलला हात लावला तर तिला ते फिरवू द्यावं.

कलम आठवे.

जाऊ मंगलाबाई हिची पहार तिला परत द्यावी. वाकलेली आहे. सरळ करू नये.

कंपनीतल्या त्या साहेबांना मी काही ठेवत नाही. ते कधी या बाजूला आले तर त्यांना खोली दाखवावी, चहा द्यावा, खुर्ची द्यावी. मशीनला हात लावू देऊ नये.

आज हात दुखला. उरलेलं उद्या.

दिनांक एकोणीस, सकाळ.

तेजलची गाडी अजून आली नाही. मी लवकर खोलीत येऊन दिवा लावला, टेबल काल होतं तसंच पूर्ण डावीकडे होतं, कागद मांडला. एवढ्यात टेबलावर टेकलेली झडप वाजली. उघडली आणि पलीकडे हात दिसला. महेशचा हात, मी ओळखणार नाही का. हातात चहाचा कप होता. तो त्याने टेबलाच्या टोकावर ठेवला, भिंतीवर बोटाने दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, "तेजल, घे. सावकाश फिरव. काल सांडलास."

दिवा बघून त्याला वाटलं, तेजल आली.

"आजी उठायच्या आत पिऊन टाक," तो म्हणाला. "नाहीतर तिला वाटेल माझा राग गेला. ब्लोअरवाल्याचा फोन आला होता, त्याला दुपारी ये म्हटलंय."

काल सांडलास, म्हणाला. म्हणजे हे काल होतं, परवाही असणार. चौदा महिन्यांतले किती दिवस हे चाललंय कोण जाणे. आणि मी दारात बसून पाठ बघत होते.

मी उठले. हँडलपाशी गेले. इकडे-तिकडे पाहिलं, साहेब नव्हते. दोन्ही हातांनी धरलं आणि फिरवलं. एक फेरा, दोन, तीन. टेबल निघालं. कप हलला नाही, चहावर नुसती गोल गोल रेघ उमटत होती. माझ्यापर्यंत आला तेव्हा थेंबही सांडला नव्हता. मशीन सरळ बसलंय. सिमेंट मीच भरलंय.

वाकून बघितलं तेव्हा भोकातून महेशचं तोंड दिसलं. त्यालाही माझं दिसलं. कपाकडे बघून म्हणाला, "आई, त्यात साखर आहे. तुला चालायची नाही."

मी पिऊन टाकला.

वर लिहिलेले कलम सहा मी रद्द करीत आहे. वकीलबाई म्हणाल्या होत्या की खोडलेलं वाचता आलं पाहिजे, म्हणून त्यावर एकच रेघ मारली आहे आणि शेजारी सही केली आहे. महेशने ते वाचावं. मी काय लिहिलं होतं तेही कळू दे आणि खोडलं तेही कळू दे. बाकी सगळी कलमं आहेत तशी राहतील. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, आणि आता पुन्हा करायची गरज मला दिसत नाही.

हे सर्व मी वाचून पाहिलं, मला समजलं, आणि खालच्या दोघांच्या समोर, मशीनच्या टेबलावर सही केली. त्या दोघांना यातून काहीही मिळणार नाही, चहा सोडून.

सही: चांगुणा कारभारी दोंदे

साक्षीदार:
१. रंगूबाई शंकर निरभवणे, राहणार करुणा कॉलनी, अंबड (अंगठा, उजवा, तेल पुसून)
२. रवी पोपट भोर, टेम्पोचालक, राहणार घोटी (सही)

ठिकाण: अंबड, नाशिक
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

ता. क. शेवटच्या पानावर गोल डाग आहे तो कपाचा आहे. खाडाखोड समजू नये. — चां. का. दोंदे, हजर.